काकांना पत्र द्या, आणि आजच्याच तारखेचं द्या

गणपती उठल्यापासून हा तिसरा मेल. हॉस्पिटल वेगळं, डॉक्टर वेगळे, गोष्ट तीच, त्यामुळे एकदाच सविस्तर लिहितो.

सिंहगड रोडला पन्नास बेडचं हॉस्पिटल चालवणाऱ्या एका मॅडमनी लिहिलंय. त्यांच्याकडचे ऑर्थोपेडिक सर्जन, वय ६१, सासऱ्यांचे बॅचमेट, म्हणून घरात सगळे त्यांना काकाच म्हणतात. दोन वर्षं ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आरडाओरडा, सिस्टरांना वाट्टेल ते बोलणं, ऑपरेशनची लिस्ट उशिरा, हात थरथरतो. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी धरायचा चिमटा) फेकला तो स्क्रब सिस्टरच्या मनगटाला लागला. प्रश्न तीन आहेत. काकांना लगेच काढता येईल का, मेडिकल कौन्सिलला कळवावं का, आणि मागच्या तारखांचे दोन-तीन मेमो बनवून फाइलला लावले तर चालतील का.

मॅडम, तिसऱ्याचं उत्तर आधी. नाही. अजिबात नाही. खोटे कागद बनवलेत तर उद्या आरोपीच्या जागी काका नाही, तुम्ही उभ्या राहाल. दोन वर्षांत एक ओळ लेखी दिली नाहीत, सिस्टरला तुमच्याच कॅज्युअल्टीत दोन टाके घातले आणि केसपेपरसुद्धा केला नाही, वर या १ जुलैला डॉक्टर्स डेला काकांना शाल-श्रीफळ देऊन 'उत्कृष्ट सेवा' म्हणून फोटो लॉबीत लावलात. आता ते सगळं आहे तसंच राहणार, त्यावर मागची तारीख चिकटवून काही होत नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही जोडलेल्या ॲग्रीमेंटमध्ये सगळ्यांचं लक्ष क्लॉज १९ कडे जातं, गैरवर्तन असेल तर तात्काळ काढता येईल म्हणणारा. तो विसरा. तो लावायचा तर चार्जशीट द्या, चौकशी करा, सिस्टरांना साक्षीला बसवा, आणि ज्या सिस्टरने काल तुम्हाला केबिनमध्ये रडत सांगितलं ती काकांसमोर बसून तेच बोलेल याची खात्री मला तरी नाही. तीन महिन्यांच्या नोटिसीचा क्लॉजही आहे, पण ते तीन महिने काका ओटीतच असणार ना. तुमचं काम क्लॉज १४ करणार आहे, जो बहुधा कुणीतरी दुसऱ्या ॲग्रीमेंटमधून उचलून टाकलाय आणि त्यानंतर कुणी वाचलेला नाही: व्यवस्थापनाने लेखी मागणी केल्यास कन्सल्टंटने (म्हणजे इथे काकांनी) व्यवस्थापन ठरवेल त्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि फिटनेस मिळेपर्यंत रुग्णसेवा करू नये. यातला 'लेखी' हा एक शब्द तुम्ही दोन वर्षं गिळून बसलात. चहाला बसवून "काका, जरा तब्येतीकडे बघा" म्हणणं या क्लॉजमध्ये बसत नाही.

पत्र कोरडं लिहा. त्यात फक्त डोळ्यांनी दिसलेलं टाका: अमुक तारखेला नऊची केस पावणेअकराला सुरू झाली, अमुक तारखेला ड्रिल हातातून दोनदा निसटलं, अमुक तारखेला फोर्सेप्स फेकला. तारखा ओटी रजिस्टरमधून घ्या, आठवणीतून नको. दारू, व्यसन, मानसिक यातला एकही शब्द नको. तुमची मेट्रन म्हणते वास येतो, तुमचा ॲनेस्थेटिस्ट म्हणतो त्यांची शुगर डाऊन होते, आणि दोघांपैकी कुणीही त्यांना तपासलेलं नाही. पार्किन्सन्सही असू शकतो, मला काय माहीत. आपण निदान लिहिलं की बदनामीचा दावा आपणच हातात दिला. तपासणी तुमच्या हॉस्पिटलात नको, सासऱ्यांच्या मित्राकडे तर नकोच, बाहेरच्या हॉस्पिटलात दोन-तीन स्पेशालिस्टांकडून. त्यांच्याकडून तुम्हाला एवढंच हवं: फिट, अनफिट, किंवा अमुक अटींवर फिट. निदान मागू नका. मानसिक आजाराचं काही निघालं तर २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टखाली ती माहिती गोपनीय ठेवण्याचा त्यांना हक्क आहे, आणि ती तुमच्या फाइलला नसलेलीच तुमच्या सोयीची.

ते तपासणीला गेले नाहीत तर? अहो, तेच तुमच्यासाठी सगळ्यात सोपं. प्यायले होते हे सिद्ध करायला जन्म जाईल, पण पत्र मिळून दोन आठवडे झाले तरी गेले नाहीत हे सिद्ध करायला स्पीड पोस्टाची पोच पुरते. मग करारभंग म्हणून पुढचं पत्र द्यायचं. तोवर ओटी लिस्ट बंद, आणि मिनिमम गॅरंटीची (केस असो-नसो, ठरलेली) रक्कम मात्र महिन्याच्या महिन्याला देत राहा, तिथे कंजुषी केलीत तर शिक्षा दिली असं दिसेल.

ते शिवाजीनगर कोर्टात मनाई हुकूम मागायला जातील हे धरून चाला. पत्र देण्याच्या आधीच कॅव्हेट ('आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा कोर्टातला अर्ज) टाकून ठेवा, ते ९० दिवस चालतं. अशा वैयक्तिक सेवेच्या करारात कोर्ट सहसा माणसाला परत कामावर बसवत नाही, फार तर नुकसानभरपाईचं बघतं, तरी तुमच्या केसमध्ये तसंच होईल असं मी लिहून देणार नाही. आणि भरपाईचं म्हणाल तर माझ्याकडे एका कन्सल्टंटची केस आहे, दाखल केली तेव्हा त्यांची मुलगी नववीत होती, आता तिचं लग्न ठरलंय, आम्ही अजून पुराव्याच्या स्टेजला.

कौन्सिलचं नंतर बघू. २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरचं अयोग्य वर्तन न घाबरता उघड करावं असं आहे (२०२३ चे नवे नियम त्याच ऑगस्टमध्ये स्थगित झाले, म्हणून अजून तेच चालू), तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत द्यावा असंही आहे. सहा महिन्यांवर मी तरी घड्याळ लावणार नाही. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००९ मध्ये अशा वागण्याला आळा घालायला लेखी आचारसंहिता सक्तीची केली, आपल्याकडे तुम्ही एनएबीएचसाठी (हॉस्पिटलांना मान्यता देणारी आपली संस्था) प्रिव्हिलेजिंगची फाइल केली असेल तर तीच काढा, काकांना कोणत्या सर्जरीची परवानगी आहे आणि ती शेवटची कधी तपासली ते त्यात दिसेल. बहुतेक ठिकाणी शेवटची सही पहिल्या इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्रीची असते.

दरम्यान एखाद्या पेशंटचं काही बिघडलं तर 'ते कन्सल्टंट आहेत, आमचे नोकर नाहीत' हे चालणार नाही, सुप्रीम कोर्टाने सविता गर्ग केसमध्ये २००४ सालीच ते दार बंद केलंय. आणि तुम्हाला तर सगळं माहीत होतं. म्हणून दिवाळी होऊ दे, मग बघू, हे नको.

एक गोष्ट तुम्ही मेलच्या शेवटी जाता जाता लिहिलीय, एका ज्युनिअर सिस्टरच्या अंगावरून काका काहीतरी अश्लील बोलले. ते आरडाओरड्यात मोडत नाही. पॉश कायद्यात (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या) लेखी तक्रारीला घटनेपासून तीन महिने आहेत, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर समिती हॉस्पिटलात असायलाच हवी. तिला हे आजच सांगा. तक्रार करायची की नाही ते ती ठरवेल. मनगटाला लागलेल्या सिस्टरलाही पोलिसात जायचं असेल तर अडवू नका, आणि टाके घालणाऱ्या डॉक्टरकडून आजच्या तारखेची नोंद करून घ्या, 'अमुक तारखेला टाके घातले, नोंद राहिली होती' असं स्पष्ट लिहून.

काकूंशी मात्र घरी जाऊन बोला, वकिलाला न नेता. व्यसनाचंच निघालं तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून पुण्यातच आहे, आणि अटींवर फिट आले तर रात्रीचे कॉल बंद, सोबत दुसरा सर्जन, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी असं परत घेता येतं. फक्त काकूंशी हे बोलणं पत्र हातात पडायच्या आधी नको, नाहीतर पुन्हा चहावरच मिटेल.

आणि लॉबीतला शाल-श्रीफळाचा फोटो काढू नका. पत्राच्या दुसऱ्या दिवशी भिंतीवर रिकामा खिळा दिसला तर त्यांचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारेल.