गाल ओघळलेत म्हणून फिलर भरू नका

तुमचं वय ५३, जबड्याच्या कडेला गाल लोंबायला लागलेत, नाकापासून ओठांपर्यंतच्या घड्या खोल झाल्यात आणि क्लिनिकने ‘बिनटाक्यांचा फेसलिफ्ट’ म्हणून सहा सिरिंज फिलर (त्वचेखाली टोचून भरायचा पदार्थ) आणि वर दोरे (त्वचेखाली ओवून गाल वर ओढायचे) सुचवलेत, ते घ्यावेत का, हा तुमचा प्रश्न. माझंही दुखणं नेमकं हेच होतं, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. तपासल्याशिवाय कुणीच ठाम सांगू शकत नाही, हे धरून वाचा.

फिलर भर घालतो, उचलत नाही. वयाबरोबर गालाची चरबी विरत गेली, गाल बसले, तर तिथे फिलर छान काम करतो. पण चेहऱ्याला आतून धरून ठेवणारे बंध सैल होऊन सगळं खाली सरकलं असेल, तर फिलर म्हणजे लोंबत्या पिशवीत आणखी वजन. चेहरा रुंद आणि सुजल्यासारखा दिसतो, आणि लोंबणारा गाल जागचा हलत नाही. उताणं झोपून आरसा चेहऱ्यावर धरा. जे नाहीसं होतं ती ओघळ, आणि ती सर्जरीनेच, म्हणजे खऱ्या फेसलिफ्टनेच, जाते. जे तसंच राहतं, म्हणजे बारीक सुरकुत्या आणि डाग, ते फेसलिफ्टनेही जात नाही. त्यासाठी लेझर किंवा पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणं), आणि गव्हाळ-सावळ्या त्वचेवर ते बेतानेच, नाहीतर काळे डाग पडतात. चाचणी ढोबळ आहे, पण बोलणी करायला पुरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधी कधी फिलर घेतला असेल तर तो कोणता, हे कागदावर मिळवा. हायलुरॉनिक ॲसिडचा असेल तर हायलुरोनिडेज टोचून विरघळवता येतो (मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या दंशाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा). कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइटच्या फिलरवर या औषधाचा उपयोग नाही. पीएमएमए (प्लास्टिकचे सूक्ष्म कण) आणि सिलिकॉन तर कायमचे. गाठी झाल्या तर कापून काढाव्या लागतात, आणि त्याही पूर्ण निघतील याची खात्री नसते. सिरिंजच्या खोक्यात नाव आणि लॉट नंबर असलेले स्टिकर असतात, त्यातला एक तुमच्या फाइलवर चिकटवायचा असतो. ज्या क्लिनिकने मला ‘आमचा नेहमीचाच आहे’ एवढंच ऐकवलं, त्याचं नाव घेत नाही, पण राग आजही आहे. आत काय भरलंय हे माहीत नसेल तर पुढचा सर्जन अंदाजाने कापणार, आणि त्याची किंमत पेशंट मोजतो. तुमच्या शरीरात घातलेल्या वस्तूची नोंद मागताना संकोच करू नका. नोंद देत नसतील तर तिथून उठा, माझं मत इतकं साधं आहे.

दोऱ्यांबद्दलही माझं मत फारसं बरं नाही. पीडीओचे (शरीरात विरघळणाऱ्या धाग्याचे) दोरे साधारण सहा महिन्यांत विरघळतात, उचल फार तर वर्षभर टिकते, आणि आत राहिलेल्या व्रणामुळे पुढे सर्जनला थर सोडवताना त्रास होऊ शकतो.

सर्जनला एकच विचारा: फक्त त्वचा ओढणार की खालचा एसएमएएस थरही (चेहऱ्याच्या स्नायूंना धरून असलेला चिवट पडदा)? हा थर १९७६ मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी वर्णन केला. ताण या थराने घ्यायला हवा. तो त्वचेवर आला की व्रण रुंदावतात, कानाची पाळी खाली खेचली जाते आणि गाल काही महिन्यांत पुन्हा सुटतात. डीप प्लेन (या थराखाली शिरून सगळं एकत्र उचलणं) की प्लायकेशन (थर दुमडून टाके घालणं), यावर फार अडू नका. त्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलाय ती चांगली. मान सैल असेल तर तिचं काम त्याच वेळी करून घ्या, नाहीतर वरचा चेहरा आणि खालची मान जुळत नाहीत. वरच्या पापणीची सर्जरी सुचवली तर आधी भुवई खाली आलीय का ते बघायला सांगा. भुवई ओघळलेली असताना पापणीचीच कातडी कापली तर भुवई आणखी खाली येते.

सिगारेट किमान चार आठवडे आधी आणि तितकेच नंतर बंद, निकोटिनचं च्युइंगम आणि पट्टीसुद्धा. नाहीतर कानामागची त्वचा काळी पडून मरू शकते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई यांची यादी सर्जनला द्या. हृदयासाठीचं ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका. रक्तदाब आधी आटोक्यात हवा, कारण फेसलिफ्टनंतरचा सगळ्यात नेहमीचा धोका म्हणजे त्वचेखाली रक्त साचणं, आणि ते बहुधा पहिल्या २४ तासांत होतं. दोन्हीकडची सूज सारखी असेल तर चालतं. एकाच बाजूला सूज वाढतेय, ताण आणि दुखणं वाढतंय, तर सकाळपर्यंत थांबू नका. रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, हे पैसे भरण्याआधी विचारा आणि तो नंबर घरच्यांकडेही द्या.