धाव थांबली की अंधारी का येते?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. पोलीस भरतीसाठी रोज सकाळी १६०० मीटर धावतो. धावताना काही होत नाही. मात्र शेवटी एकदम थांबलो, की डोळ्यांपुढे अंधारी येते. एप्रिलपासून हे वाढले आहे. अंगात रक्त कमी असेल का?

उत्तर : हिमोग्लोबिन अवश्य तपासून घ्या आणि विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळत असल्याने ती तपासणी राहिली असल्यास तीही करा. तथापि केवळ रक्त कमी असते, तर धाप धावतानाच अधिक लागली असती. तुमचा त्रास थांबल्यावर सुरू होतो, आणि उत्तर त्यातच आहे.

प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते आणि विश्रांतीत हृदय मिनिटाला साधारण तेवढेच पुढे ढकलते. जोरात धावताना मात्र हे प्रमाण २० लिटरच्या घरात जाते. त्या वेळी मांड्या-पोटऱ्यांतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतड्यांकडचा पुरवठा आखडता घेतला जातो. हृदयाकडे जेवढे रक्त परत येईल तेवढेच ते पुढे पाठवू शकते, त्यामुळे पायांतले रक्त वर चढणे महत्त्वाचे ठरते. पोटरी आवळली की आतल्या शिरा पिळल्या जाऊन रक्त वर सरकते, आणि विहिरीतल्या पाइपाचा फूटव्हॉल्व्ह जसा पाणी खाली उतरू देत नाही, तशा शिरांतल्या झडपा त्याला अडवून धरतात. खोल श्वासाने छातीतला दाब उतरतो, तोही हे रक्त वर ओढून घेतो.

तुम्ही एकदम थांबता, तेव्हा पोटरीचा पंप बंद पडतो, पण रुंदावलेल्या रक्तवाहिन्या लगेच पूर्ववत होत नाहीत. रक्त पायांत साचते, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला पुरवठा अपुरा पडतो. नाडी धडधडत असते, परंतु हृदयाची मोटर अर्ध्या पाण्यावर फिरत असते.

उन्हाळ्यात अंग थंड ठेवण्यासाठी बरेच रक्त त्वचेकडे वळते आणि घामाचे पाणीही शेवटी रक्तातूनच जाते. त्यात रात्रभर पाणी न पिता उठून तसेच मैदानावर जायचे! ‘पाण्याने दम तुटतो’ हा समज निराधार आहे; निघण्याच्या अर्धा तास आधी पेला-दोन पेले पाणी प्यावे. नव्या उन्हाला शरीर सरावायला एक-दोन आठवडे लागतात, त्या काळात रक्तातील द्रव वाढतो, म्हणून तोवर सराव बेताने वाढवावा.

धाव संपल्यावर पाच-दहा मिनिटे चालत राहा. अंधारी आलीच तर आडवे होऊन पाय उंच ठेवा. सोबती बगलेत हात घालून उभे धरून ठेवतात, ते चुकीचे आहे. मात्र धावत असतानाच चक्कर आली, छातीत दुखले किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर सराव थांबवून आधी ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवा.