स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर प्रथिने आणि व्यायाम यांचा विचार एकत्र करावा

वजन कमी करण्यासाठी जठर लहान करणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेला साडेतीन महिने झाल्यावर पोळी छातीत अडकते, रोज तासभर ट्रेडमिल करूनही वजन तीन आठवडे हललेले नाही, सायंकाळी गळून जायला होते आणि केस गळत आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. या तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी तुमचा दिवसभराचा आहार वाचून मला त्यांपैकी बहुतेकींच्या मागे एकच गोष्ट दिसते. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी अर्धी पोळी आणि भाजी, संध्याकाळी फळ आणि रात्री चार घास वरण-भात यांतून दिवसाला जेमतेम पंधरा ग्रॅम प्रथिने मिळतात. या शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे 60 ते 80 ग्रॅम घ्यायला सांगतात. मिळकत एवढी कमी असताना तासभर चालण्याचा भार टाकला, तर शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खाते. म्हणून जेवणाचा आणि व्यायामाचा विचार वेगवेगळा करू नये, असे मी अनेक वर्षांच्या अनुभवावरून आग्रहाने सांगते.

या शस्त्रक्रियेत जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि उरते ती एक अरुंद नळी. ताजी मऊ पोळी नीट चावली गेली नाही तर तिचा पुन्हा कणकेसारखा गोळा होतो आणि तो पुढे सरकत नाही. म्हणून सध्या पोळी बाजूला ठेवली तरी काही बिघडत नाही. खायचीच असेल तर घट्ट वरणात कुस्करून, सर्वांत शेवटी आणि जागा उरली तरच खावी. आधी प्रथिनांचा पदार्थ, मग भाजी, मग धान्य हा क्रम मोडू नये. आपल्या स्वयंपाकघरात यासाठी पुष्कळ सोय आहे. मऊसर पिठले, मुगाचे धिरडे, कमी तेलातली पनीरची भुर्जी, आणि माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडलेला चक्का. साखर न घालता त्यात जिरेपूड आणि किंचित मीठ मिसळून छोट्या वाटीत घेतला, तर तो सहज उतरतो आणि साध्या दह्यापेक्षा त्यात प्रथिने बरीच जास्त असतात. 50 ग्रॅम पनीरमधून सुमारे नऊ आणि, अंडे चालत असेल तर, एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम मिळतात. एवढ्यावर आकडा गाठला जात नसेल तर व्हे प्रोटीन घेण्यात कमीपणा मानू नये.

चहाच्या चमच्याने खावे, प्रत्येक घासानंतर चमचा खाली ठेवावा आणि जेवणाला वीस ते तीस मिनिटे द्यावीत. पोट भरल्याची खूण आता पोटात जाणवेलच असे नाही; एखादी उचकी येते, नाकातून पाणी येते किंवा छातीच्या मधोमध दाब जाणवतो. तिथेच थांबावे, कारण त्यापुढचा एक घास बहुधा उलटून पडतो. पाणी जेवणाच्या आधी आणि नंतर अर्धा तास सोडून, घोट घोट, दिवसभर पीत राहावे.

एक धोका मात्र लवकर ओळखावा. ही नळी पोळीला अडवते, पण शेव, चिवडा, बिस्किटे, श्रीखंड आणि आइस्क्रीम यांना अडवत नाही, कारण हे पदार्थ तोंडातच विरघळतात आणि झरझर खाली उतरतात. लग्नाच्या पंगतीत ‘एवढंसं तर घे’ असा आग्रह होतो तेव्हा हे आठवावे.

व्यायामाकडे वजन जाळण्याचे साधन म्हणून न पाहता स्नायू राखण्याचे साधन म्हणून पाहावे. शल्यविशारदांची परवानगी घेऊन चालणे अर्ध्या तासावर आणावे, हवे तर त्याचे दोन भाग करावेत, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत: खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड काढणे, रबरी पट्टा ओढणे. खुर्चीवरून उठताना मांड्यांना ताण जाणवणे इष्टच आहे. चक्कर आली तर मात्र लगेच बसावे. व्यायामात घाम गेला की नंतर गटागटा पाणी पिऊन भरपाई करण्याची सोय आता उरलेली नाही, त्यामुळे मध्ये मध्ये घोट घेत राहावे.

वजन काही आठवडे थांबणे आणि तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणे हे पुष्कळांना होते. तरीही प्रथिने, लोह आणि जस्त यांची कमतरता असेल तर गळती लांबते, म्हणून रक्ततपासणी टाळू नये. तुम्ही शाकाहारी असल्याने बी-12कडे विशेष लक्ष द्यावे. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे, आणि लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नये.

तुम्ही मधुमेहाच्या गोळ्यांचा ओझरता उल्लेख केला आहे. त्यांची मात्रा शस्त्रक्रियेनंतर बदलली नसेल, तर तुमचे संध्याकाळचे गळून जाणे साखर उतरल्यामुळेही असू शकते. त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर मोजून ती नोंद याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावी. आणि उलट्या दोन-तीन दिवस थांबल्याच नाहीत, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण सततच्या उलट्यांत बी-1 जीवनसत्त्व झपाट्याने घटते आणि त्याचा मेंदूवर परिणाम होऊ शकतो.