चॅनल पार्टनर प्रोग्रॅमची सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनी व्यवसायांसाठी सॉफ्टवेअर बनवते, आतापर्यंतची सगळी विक्री स्वतःच्या सेल्स टीमने केली, आणि आता वर्षभरात पार्टनरचं, म्हणजे आपलं सॉफ्टवेअर विकणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांचं, जाळं उभं करा असं वरून सांगण्यात आलंय. तर पार्टनर किती घ्यायचे, मार्जिन, म्हणजे विक्रीतला त्यांचा वाटा, किती द्यायचं?

मी आधी एका रीसेलरकडे, म्हणजे दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत, नोकरी केली, मग सॉफ्टवेअर कंपनीत पार्टनर सांभाळायला आलो. दोन्हीकडची गाऱ्हाणी ऐकलेला माणूस म्हणून सांगतो, मार्जिनचा आकडा शेवटी ठरवा. आधी तुमच्या सेल्स टीमचा इन्सेन्टिव्ह कसा मोजला जातो ते बघा.

कारण घडतं ते असं. पार्टनर एखाद्या ग्राहकाकडे महिनोन्‌महिने खेटे घालतो, डेमो देतो, त्याच्या अडचणी समजून घेतो. ऑर्डर निघायची वेळ येते आणि तुमचा सेल्समन ग्राहकाला थेट फोन करून जास्त डिस्काउंट देतो. तो माणूस वाईट नसतो. पार्टनरमार्फत झालेली विक्री त्याच्या टार्गेटमध्ये धरलीच जात नसेल, तर तो दुसरं काय करणार? पण असं एकदा झालं की तो पार्टनर गेला, आणि त्याच्या ओळखीतले आणखी चार जण तुमच्या वाटेला फिरकत नाहीत.

म्हणून विक्री थेट होवो की पार्टनरकडून, सेल्समनला श्रेय सारखंच मिळालं पाहिजे. फायनान्सवाले कुरकुरतील, एकाच विक्रीवर मार्जिनही द्यायचं आणि इन्सेन्टिव्हही, म्हणून. खर्च वाढतो हे खरं आहे. तो झेपणारा नसेल तर ग्राहक वाटून घ्या: ठरावीक मोठे ग्राहक नावानिशी तुमचे, बाकी सगळे पार्टनरचे. आणि ती यादी पार्टनरला दाखवा. गुपित ठेवलेल्या यादीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

दुसरी गोष्ट डील रजिस्ट्रेशन. पार्टनरने लीड, म्हणजे संभाव्य ग्राहक, तुमच्याकडे नोंदवायची, तुम्ही दोन-तीन दिवसांत होकार किंवा कारणासह नकार कळवायचा. होकार दिला की ठरावीक मुदतीपर्यंत, बऱ्याच कंपन्यांत ती 90 दिवसांची असते, तो ग्राहक त्याचा आणि मार्जिनही थोडं जास्त. काही पार्टनर हुशार असतात, नुसती नावं नोंदवून जागा अडवून ठेवतात. त्यामुळे कोणाला भेटलात, गरज काय, निर्णय कधी होणार, एवढं तरी फॉर्ममध्ये विचारा. प्रगती दाखवली तरच मुदत वाढवा.

डेलचं उदाहरण बघा. 1984 मध्ये सुरू झालेली ही कंपनी थेट विक्रीसाठीच ओळखली जायची. डिसेंबर 2007 मध्ये त्यांनी पार्टनरडायरेक्ट हा प्रोग्रॅम आणला, तेव्हा रीसेलरांच्या मनात पहिली शंका हीच होती की हे उद्या आमचे ग्राहक पळवतील. डील रजिस्ट्रेशन त्या प्रोग्रॅममध्ये पहिल्यापासून होतं, ते उगाच नव्हे.

पार्टनरच्या गोल्ड, सिल्व्हर असल्या पायऱ्या, चकचकीत पोर्टल, वार्षिक पुरस्कार हे सगळं आत्ता नको. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मायक्रोसॉफ्टनेसुद्धा ऑक्टोबर 2022 मध्ये गोल्ड-सिल्व्हर बंद करून पार्टनरची कामगिरी, प्रशिक्षित माणसं आणि ग्राहकांचं यश यांवर गुण द्यायला सुरुवात केली.

आता पार्टनर कोणते? सुरुवातीला चार-पाच पुरेत. मोठ्या नावाच्या सिस्टिम इंटिग्रेटरमागे, म्हणजे वेगवेगळ्या सिस्टिम जोडून देणाऱ्या कंपनीमागे, धावू नका. तो करारावर सही करेल आणि विसरून जाईल. तुमच्या ग्राहकांकडे ज्यांचं आधीपासून जाणं-येणं आहे, पण जे वेगळं काही विकतात, असे शोधा. त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: आमच्या लायसन्सबरोबर तुम्हाला स्वतःचं कोणतं काम विकता येईल? पार्टनरचं पोट बहुतेक वेळा लायसन्सच्या मार्जिनवर भरत नाही. इम्प्लिमेंटेशन, जुना डेटा आणणं, ट्रेनिंग, सपोर्ट यांत त्याची कमाई असते. तुमचं सॉफ्टवेअर ग्राहक स्वतःच पाच मिनिटांत सुरू करू शकत असेल, तर रीसेलर नकोच; ओळख करून देणाऱ्याला रेफरल फी द्या आणि मोकळे व्हा.

आता मार्जिन. नुसती ओळख करून देणाऱ्याला 10 टक्क्यांच्या आसपास, आणि विकून, बसवून, सपोर्टचा पहिला फोन स्वतः उचलणाऱ्याला 20 ते 30 किंवा त्याहून अधिक, असं सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याचदा दिसतं. सबस्क्रिप्शन असेल तर रिन्यूअलवरही वाटा ठेवा. फक्त पहिल्या वर्षाचं मार्जिन दिलंत, तर दुसऱ्या वर्षी ग्राहक टिकवण्याची काळजी एकट्या तुमचीच.

हे सगळं एका अटीवर: तुमची टीम तेच सॉफ्टवेअर तशाच ग्राहकांना पुन्हापुन्हा विकू शकते आहे ना? ते कसं विकायचं याचा शोध पार्टनर लावून देणार नाही. उलट त्याच्या पहिल्या दोन-तीन विक्रीत तुमचा माणूस शेजारी बसलेला हवा.

आणि वरच्यांना आत्ताच सांगून ठेवा की पहिले सहा महिने विक्रीचा आकडा मागू नका. किती करार झाले तेही मोजू नका, सही फुकट असते. किती पार्टनरांनी तुमच्या मदतीशिवाय डेमो दिला आणि किती लीड स्वतः नोंदवल्या, हे दोनच आकडे दर महिन्याला त्यांच्यापुढे ठेवा. सहा महिन्यांनंतरही ज्याचे हे दोन्ही आकडे शून्य असतील, त्याचा करार वाढवू नका. ती सोय करारातच असू द्या: मुदत एक वर्षाची, आणि कोणालाही एकाधिकार नाही.