एलईडी टीव्ही मध्येच आपोआप बंद होतो. पॅनेल गेलं असेल का?

तुम्ही लिहिलंय की टीव्ही कधी दहा मिनिटांत, कधी तासाभराने बंद पडतो, पुन्हा लावला की चालतो. पॅनेलची धास्ती तूर्त बाजूला ठेवा. पॅनेल बिघडलं की बहुतेक वेळा चित्रावर रेघा येतात, डाग पडतात.

मी टीव्ही दुरुस्तीच करतो. अशी तक्रार आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बंद पडल्यावर समोरचा लाल दिवा लागलेला असतो का?

दिवाही विझत असेल तर टीव्हीपर्यंत वीजच पोचत नाही, किंवा आतला पॉवर सप्लाय, म्हणजे टीव्हीच्या भागांना वीज पुरवणारा बोर्ड, बंद पडतोय. एक्स्टेन्शन बोर्ड काढा आणि प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. टीव्हीच्या मागे खोचलेली वायरही नीट दाबून बसवा, तिथेच ढिली असते पुष्कळदा. प्लगची पिन काळवंडली असेल तर सॉकेट बदलून घ्या.

दिवा लागलेला असेल तर बहुधा टीव्हीला कुठून तरी बंद होण्याचा हुकूम मिळतोय. स्लीप टायमर तपासा, पण टायमर ठरल्या वेळीच बंद करतो, तुमची वेळ बदलते. म्हणून मला सीईसीचा, म्हणजे एचडीएमआयने जोडलेली यंत्रं एकमेकांना चालू-बंद करतात त्या सोयीचा, संशय जास्त येतो. एचडीएमआय केबलने जोडलेला सेट टॉप बॉक्स झोपला की तो टीव्हीलाही झोपवतो. सॅमसंगमध्ये याला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. रिमोटचे सेल काढून एक संध्याकाळ टीव्ही चालवून बघा, अडकलेलं बटणही असले उद्योग करतं. टीव्हीच्या अंगावरचं पॉवर बटणही दाबून बघा, ते आत रुतून बसलेलं नाही ना.

चित्र गेलं पण आवाज चालू राहिला, तर ती केस वेगळी. खोलीत अंधार करून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनला मागून उजेड देणारे दिवे, गेलेत. काही मॉडेलमध्ये बॅकलाइटची एखादी पट्टी खराब झाली की टीव्ही दोन-तीन सेकंद उजळून स्वतःच बंद होतो आणि लाल दिवा मिचकावतो. दिवा किती वेळा मिचकावतो ते मोजून ठेवा, त्यावरून मेकॅनिकला बिघाडाचा अंदाज येतो.

सकाळी चार-पाचदा लावावा लागतो आणि एकदा तापला की चालतो, असं असेल तर मी डोळे झाकून पॉवर सप्लायचे कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारे छोट्या डबीसारखे पार्ट, बघतो. चांगल्या कपॅसिटरचं डोकं सपाट असतं. खराब झालेल्याचं पापडासारखं फुगतं, कधी खाचेतून तपकिरी चिकट द्रव बाहेर येतो. उष्णतेने आतला द्रव वाळत जातो, म्हणून टीव्हीच्या मागची जाळी धुळीने बुजू देऊ नका, आणि टीव्ही भिंतीला अगदी चिकटवूही नका. पार्ट स्वस्त असतो. संपूर्ण बोर्ड बदलायला सांगणाऱ्याला आधी फुगलेला कपॅसिटर दाखवायला सांगा.

मागचं झाकण मात्र तुम्ही उघडू नका. पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर ४००-४५० व्होल्टचा असतो आणि प्लग काढल्यावरही चार्ज धरून राहू शकतो.

लाल दिव्याचं काय होतं ते आणि मॉडेल नंबर कमेंटमध्ये टाका, पुढचं सांगतो.