फूड ट्रकसाठी मिस्टरांच्या रिटायरमेंटचे पैसे मोडायचे का?

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. मुलाचं हॉटेल मॅनेजमेंट झालंय, पुण्यात वर्षभर हॉटेलात राबून साताऱ्याला परत आलाय आणि आता आठ लाखांचा फूड ट्रक घ्यायचा म्हणतोय, तर मिस्टरांचे रिटायरमेंटचे पैसे त्यात घालावेत का, असं तुम्ही विचारलंय.

पैसे आत्ता मोडू नका. धंदा वाईट आहे म्हणून नाही, उलट हातात कला असलेल्या पोराने नोकरीपेक्षा हे केलेलं मला आवडेल. पण तो आधी गाडी बघतोय आणि उभी कुठे करणार ते नंतर बघू म्हणतोय, तिथे गडबड आहे. साताऱ्यात भर पोवई नाक्यावर लावली तर अतिक्रमणवाले उचलून नेतील, म्हणून आधी खाजगी जागा शोधायची, पेट्रोल पंपाशेजारची, एमआयडीसीच्या गेटजवळची, कॉलेजजवळच्या एखाद्या प्लॉटची, आणि भाडं लेखी ठरवायचं. कास पठारावरच्या फुलांचा सीझन धरून हिशोब मांडला असेल तर तो पण सोडा, फुलं जेमतेम महिना-दीड महिना असतात आणि बाकीचे दिवस पण पोट भरायचंच असतं.

आता हिशोब बघा. आठ लाख बँकेकडून ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण १७,४०० बसतो, म्हणजे महिन्यात २६ दिवस गाडी लागली तर रोजचे ६७० रुपये. त्यात हाताखालचा पोरगा ५००, गॅस-डिझेल ४००, जागा ५०० धरा, झाले दोन हजारच्या वर. ८० रुपयांच्या प्लेटमागे माल आणि पॅकिंग जाऊन ५० उरले तरी ४२ प्लेटी विकेपर्यंत घरात एक रुपया येत नाही, आणि पावसाळ्यात रोज ४२ प्लेटी विकून दाखवा म्हणावं!

म्हणून दोन महिने एक टेबल, दोन शेगड्या आणि दोनच पदार्थ घेऊन एमआयडीसीजवळ दुपारी उभा राहू दे. त्याच्या मेनूत पास्ता, मोमो, बर्गर मिळून ३८ आयटम आहेत म्हणता, ते कापा, लंच ब्रेकमधल्या माणसाला चार मिनिटांत प्लेट हातात पाहिजे असते.

तो लॉस एंजेलिसच्या कोगी या फूड ट्रकचं उदाहरण देतो म्हणालात. खरंय, २००८ मध्ये त्यांनी आज गाडी कुठे आहे ते ट्विटरवर सांगून रांगा लावल्या. पण त्यांचा शेफ रॉय चोई आधी मोठ्या हॉटेलांच्या किचनमधून घासून आलेला होता, आणि ते शहर साताऱ्यापेक्षा किती मोठं ते मी सांगायला नको. इथे गाडी रोज हलवली तर गिऱ्हाईक वैतागून शेजारच्या वडापावच्या गाड्यावर जाईल. त्यापेक्षा तीच जागा, तीच वेळ, गुगल मॅपवर लोकेशन आणि वेळ बरोबर टाकलेली, आणि रोज अकराला व्हॉट्सअॅप स्टेटसवर आजचा पदार्थ. रील्स कर म्हणावं हौसेने, पण पुण्या-मुंबईच्या व्ह्यूजने साताऱ्यात प्लेट खपत नाही.

कागदांचं थोडक्यात: एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेचं, रजिस्ट्रेशन लागतंच. गाडीत किचन बसवायचं तर आधी आरटीओची परवानगी, नाहीतर अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाले हात वर करतात. गॅस कमर्शियलच, घरचा लाल सिलिंडर गाडीत नको.

आणि गाडी घ्यायचीच ठरली तर पूर्ण नवी कशाला, जुना छोटा हत्ती टेम्पो घेऊन फॅब्रिकेशन करून घेता येतं. पाच लाखांपर्यंत सरकारच्या मुद्रा योजनेतलं ‘किशोर’ गटाचं कर्ज बिनतारण मिळतं. जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा, प्रवर्ग आणि गाव-शहर बघून १५ ते ३५ टक्के अनुदान आहे, पण ते नव्या धंद्यालाच, त्यामुळे गाडी घेऊन ठेवून मग जाऊ नका.

दोन महिन्यांची विक्रीची वही मुलाला रोज लिहायला लावा, कुठल्या दिवशी किती प्लेटी गेल्या, किती माल फुकट गेला, सगळं. ती घेऊन त्यालाच माझ्याशी बोलायला पाठवा, तुम्ही मध्ये पडू नका.