जाहिराती लागल्या की हाक मार

प्रिय बाय,

परवा आजीचा फोन झाल्यावर तू विचारलंस, "आई, आपण जाहिराती लागल्या की उठतो. मग आजी स्वयंपाकघरातून 'जाहिराती लागल्या की हाक मार गो' असं का म्हणते?" तिने पाठवलेल्या, गोव्यातल्या म्हापशाच्या घरच्या जुन्या फोटोबद्दलही विचारलंस: टीव्हीला कपाटासारखी दारं का, आणि वर झेंडूचा हार कशाला? दोन्ही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. फोनवर सांगून पुरणार नाही, म्हणून लिहिते.

आधी जाहिराती. दूरदर्शनवर त्या 1 जानेवारी 1976 पासून सुरू झाल्या. टीव्हीला तेव्हा परवाना लागायचा आणि त्याचे पैसे पोस्टात भरायचे. इथे इंग्लंडात, स्विंडनला आपल्या दारात टीव्ही लायसन्सचं पत्र येतं ना, तसंच. बीबीसी त्या पैशांवर चालते आणि इथे जाहिराती घेत नाही. आपल्याकडे 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत परवाना आणि जाहिराती दोन्ही एकदम चालले.

दूरदर्शनवरची जाहिरात आजच्यासारखी दर आठ मिनिटांनी कथा तोडत नसे. 7 जुलै 1984 ला 'हम लोग' सुरू झाली, मॅगीवाल्यांनी तिला पैसे पुरवले, आणि प्रायोजित मालिकांची रीत पडली. मालिकेच्या आधी जाहिरातींची एक रांग लागायची आणि मग भाग सहसा सलग चालायचा. म्हणजे निर्माचं गाणं कानावर आलं की समजायचं, अजून थोडा वेळ हातात आहे. एका वाड्यावर, म्हणजे वस्तीत, टीव्ही एक-दोन घरांत. आवाज खिडकीतून बाहेर जायचा, आणि त्या आवाजावर शेजारच्या घरातलं शीत, म्हणजे भात, गाळून व्हायचं, स्टोव्ह बारीक व्हायचा, पोरांचे पाय धुतले जायचे, दाराला कडी लागायची. आजीला जाहिराती बघायच्या नसतात, बाय. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसायला तिला तेवढा वेळ हवा असतो. तिच्या हिशेबात जाहिरात म्हणजे नाटकाच्या आधीची घंटा. देवळासमोरच्या मांडावर, म्हणजे मोकळ्या जागेत, उत्सवी नाटक बघत वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही: घंटा झाली की जागा धरायची.

रविवारी सकाळी साडेनऊला रामायण लागायचं, जानेवारी 1987 ते जुलै 1988. ती रांग सगळ्यांत लांब असे. तीस सेकंदांच्या जाहिराती एकामागून एक, साबण, टूथपेस्ट, चहा, स्कूटर. पोरांना त्यांचा क्रम पाठ असायचा आणि 'ह्याच्यानंतर अजून दोन' असं ती बाहेरच्यांना ओरडून सांगायची. त्याच दीड वर्षात, 30 मे 1987 ला, गोवा राज्य झालं. पण त्या काळाबद्दल आजीच्या पिढीला विचारलंस तर रामायणाची सकाळ आधी आठवेल.

हार तेव्हाचा आहे. भाग सुरू व्हायच्या आधी टीव्हीला हार घालायचे, समोर उदबत्ती लावायचे, काही घरांत नारळही ठेवायचे. पडद्यावर देव येणार तर त्याला तसंच बसवून कसं चालेल, इतका सरळ विचार. पण फोटो नीट बघ. हार दारांच्या चौकटीवरून सोडलाय, टीव्हीच्या पाठीवर टाकलेला नाही. मागच्या झाकणाला वरच्या अंगाला भोकं असतात, त्यांतून आतली ऊष्मा बाहेर पडते. ओल्या फुलांचं पाणी त्या भोकांतून आत ठिबकलं तर उच्च दाबाच्या भागात चर्र आवाज येऊन ठिणगी उडते आणि सेट बसतो. क्रोशाचं विणलेलं आच्छादनही त्याचसाठी चालू करायच्या आधी काढून घडी घालायचे. ते विसरलं की तासाभरात गरम लाकडाचा वास येई.

आता दारं. लाकडी पट्ट्या कापडावर चिकटवलेल्या असतात. दोन्ही बाजूंना खाच असते, तिच्यातून पट्ट्यांचं दार वळत आत सरकतं. त्यांचा उपयोग खरा होता. पडद्याच्या काचेवर स्थिर वीज जमते आणि धूळ ओढली जाते. पाली आत शिरून वायरिंगवर घाण करतात. आणि समुद्राकाठच्या गावात खारी हवा उघड्या लोखंडाला महिन्यात गंज चढवते. दाराला बारीक कुलूप असे, किल्ली घरातल्या मोठ्या माणसाकडे. परीक्षेच्या दिवसांत तिचं महत्त्व काय होतं ते तू ओळखशील.

फोटोत कौलांवर काठीला जो सांगाडा दिसतो तो अँटेना. त्याच्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण तो कळल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. आडव्या दांडीवर ॲल्युमिनियमच्या नळ्या असतात. सगळ्यांत मागची किंचित लांब, तिच्यापुढे दुहेरी दुमडलेली जिच्यातून वायर खाली उतरते, आणि तिच्यापुढे लहान होत जाणाऱ्या. लहान नळ्यांचं तोंड प्रक्षेपकाकडे हवं. तो पणजीला आल्तिनो टेकडीवर, म्हणून म्हापशाचे अँटेना दक्षिणेकडे बघायचे, मडगाव-वास्कोचे उत्तरेकडे. अनोळखी गावात गेलं तरी कौलं बघून पणजी कुठे ते कळे. डोंगरांच्या आड असलेल्या सत्तरी-काणकोणच्या गावांत मात्र काठी कितीही उंच केली तरी पडद्यावर मुंग्याच.

चित्र बिघडायची कारणं ठरलेली होती. समोर टेकडी असली तर लहर तिच्यावर आपटून वळसा घालून येते आणि उशिरा पोचते. मग प्रत्येक माणसाच्या उजव्या बाजूला त्याचीच फिकट सावली उभी राहते. वळसा एक किलोमीटरचा असेल तर वीस इंची पडद्यावर सावली साधारण अडीच सेंटिमीटर सरकते. उपाय एकच, अँटेना थोडा थोडा फिरवणं. एक माणूस काठीपाशी, एक खिडकीत, एक टीव्हीसमोर: "आलं... आलं... गेलं, मागे घे... रांव!" रांव म्हणजे थांब. कौलांवर चढायचं नाही, पाय पडला की कौल फुटतं आणि पावसात नेमकं तिथेच गळतं. म्हणून शहाणी माणसं काठी भिंतीलगत जमिनीतून उभी करायची, म्हणजे खालूनच फिरवता येई. माडाला बांधलेला अँटेना स्वस्त पडे, पण वारा सुटला की माड डोलतो आणि त्याच्याबरोबर चित्रही येतं-जातं.

खाली उतरणारी वायर चपटी, दोन कडांना दोन तारा असलेली. ती लोखंडी काठीला चिकटवून बांधली की चित्र फिकं पडायचं. काठीपासून चार बोटं दूर ठेवायची, दर हातभर अंतरावर एक पीळ द्यायचा. सगळ्यांत जास्त त्रास सांध्याचा. तांब्याची तार ॲल्युमिनियमच्या नळीला स्क्रूने आवळलेली असते. खाऱ्या हवेत तिथे पांढरी भुकटी जमते आणि पहिल्या पावसात चित्र जातं. मे महिन्यात कौलं परतायला माणूस यायचा, तेव्हाच सांधा काचकागदाने घासून, ग्रीस लावून, वर टेप गुंडाळायची. ज्यांच्याकडे हे मे महिन्यात व्हायचं त्यांच्याकडे चवथीला, म्हणजे गणपतीत, टीव्ही दिसायचा.

वीज हा वेगळा प्रश्न. संध्याकाळी दाब उतरला की चित्र चारी बाजूंनी आक्रसून मध्ये गोळा व्हायचं, म्हणून टीव्हीखाली स्टॅबिलायझर, जो दाब बदलला की टक्‌ करायचा. चित्र खालून वर धावत सुटलं तर मागचं बटण केसभर फिरवायचं. जास्त फिरवलं तर उलटं धावतं. वीजच गेली तर चौदा इंची काळा-पांढरा पोर्टेबल सेट गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर चाले. तो बॅटरी फार खायचा नाही, पंधरा-वीस वॉट. फक्त लाल आणि काळी तार उलटी लावायची नाही. लावली की फ्यूज तरी जातो, नाहीतर आतलं काहीतरी.

तू म्हणालीस की आजी कुठल्याही धुण्याच्या पावडरीला निर्मा म्हणते. टूथपेस्टला कोलगेट म्हणते तेही तुझ्या लक्षात आलं असेल. तिथे जाहिरातीपेक्षा विहिरीचं काम मोठं होतं, असं मला वाटतं. किनाऱ्यालगतच्या गावांत एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी खारं व्हायला लागतं. त्यात वडीचा साबण फेस देत नाही, दह्यासारखा पांढरा चोथा धरतो आणि तो कपड्यालाच चिकटतो. पावडरीचं तसं होत नाही, खाऱ्या पाण्यातही फेस टिकतो. टीव्हीवर दाखवलेला फेस भर मे महिन्यात आपल्या बादलीत दिसला आणि नाव घरात राहिलं. पावडरीने हाताची सालं निघायची, म्हणून धुणं झाल्यावर खोबरेल लावायचं. ते जाहिरातीत नव्हतं.

टीव्हीवरच्या त्या जाहिराती मुंबईच्या. आपल्या म्हापशाच्या कापडवाल्याला तीस सेकंदांची फिल्म कुठली परवडणार? त्याची जाहिरात थिएटरात लागायची, आणि मला विचारशील तर खरी गावची जाहिरात तीच. म्हापशाचं अलंकार, पणजीचं नॅशनल आणि सम्राट-अशोक, मडगावचं लता आणि विशांत, वास्कोचं एल मोंत. सिनेमा सुरू व्हायच्या आधी काचेच्या स्लाइड्स. सव्वातीन इंच चौरस काच, तिच्यावर हाताने रंगवलेली अक्षरं, वर दुसरी कोरी काच आणि कडेने काळी टेप. भिंगातून प्रतिमा उलटी पडते म्हणून स्लाइड डोकं खाली करून घालायची. नवखा माणूस सुलटी घालायचा, की सोनाराचं दुकान पडद्यावर उलटं लटके आणि थिएटरभर शिट्ट्या. दिव्याची ऊष्मा मोठी, एक स्लाइड फार वेळ धरून ठेवली तर रंग तडकायचा. म्हणून आठ-दहा सेकंदांत मजकूर वाचून व्हायला हवा: दुकानाचं नाव, कुठल्या देवळाजवळ किंवा कुठल्या बसस्टँडसमोर, काय मिळतं. पत्ता बहुतेकदा एवढाच. मराठी, कोंकणी, इंग्रजी, जशी गिऱ्हाईकं तशी भाषा.

1990 नंतर केबल आली आणि तोच कापडवाला घरात शिरला. केबलवाला एका खोलीत दोन व्हीसीआर ठेवायचा आणि रात्रीचा सिनेमा लावायचा. त्या सिनेमाच्या खालच्या अंगाला अक्षरांची पट्टी सरकायची. मशीनला देवनागरी येत नसे, म्हणून मराठी मजकूर रोमन लिपीत. आजीसारख्या बायकांना तो वाचता येत नसे, मग शेजारची पोरं मोठ्याने वाचून दाखवायची. पट्टीवरून महिना कळायचा. मेमध्ये छत्र्या आणि पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायचा, माल, जूनमध्ये गणवेश आणि वह्या, मग माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं) सामान आणि गणपतीची आरास, नरकासुराच्या स्पर्धा, तुळशीच्या लग्नानंतर हॉलची बुकिंगं, आणि पौष-माघात कुठल्या जत्रेला कुठलं नाटक. एखाद्या घरची दुःखद वार्ताही त्याच पट्टीवर यायची. ती आली की वाचणाऱ्या पोराचा आवाज आपोआप उतरायचा.

चवथीला आपण जाऊ तेव्हा तो टीव्ही तुला माळ्यावर सापडेल. मागचं झाकण उघडू नकोस. आतली काचेची नळी पूर्ण निर्वात असते आणि तिच्या बारीक मानेला धक्का बसला तर काच फुटून उडते. दारं मात्र सरकवून बघ. पावसात लाकूड फुगतं, त्यामुळे उजवीकडचं अर्ध्यावर अडेल. जोर लावू नकोस. खाचेत वर-खाली मेणबत्ती घास, दार किंचित उचल आणि मग ढकल.

तुझी,
आई